गाडीतला फ्रीज आणि तुमचा खटका

बाबा, मी गाडीत फ्रीज बसवतेय असं सांगितलं असतं, तर तुम्ही आधी पोटभर हसला असता. तुमच्या जीपमध्ये साधा पंखा नव्हता. पाण्याची बाटली ओल्या पंच्यात गुंडाळून आरशाच्या दांडीला बांधायची, वारा लागला की पाणी गार, झाली तुमची सोय. त्या बाटलीवर तुम्ही सवाऱ्या भरून पांढुर्णा ते सौंसर किती फेऱ्या मारल्या, कोण जाणे. आणि तुमची लेक, त्याच सौंसरच्या शाळेत पोरांना वीज शिकवता शिकवता केस पिकलेली, गाडी चालू असताना फ्रीजला वीज कुठून द्यायची या एवढ्याशा गोष्टीवर होळीपासून अडून बसली होती. वर्गात फळ्यावर सर्किट काढता काढता माझा हात थांबायचा आणि पोरं एकमेकांकडे बघायची. घरी तव्यावर पोळी करपायची. माय म्हणायची, "काय होऊन राहिलं वं तुले? या वयात लगन ठरून राहिलं का तुझं?"

फ्रीज कशाला, ते आधी सांगते. मायला आता इन्सुलिन घ्यावं लागतं. तुम्ही होतात तेव्हा ती चहात दोन चमचे साखर घालून वर गुळाचा खडा तोंडात टाकायची, ती ही माय. आणि तुमची धाकटी साळी, जिनं लग्नात तुमचे जोडे लपवून तुम्हाला अनवाणी उभं केलं होतं, ती तिकडे सिंगरौलीला, कोळसा खाणीच्या क्वार्टरमध्ये अंथरुणाला खिळली आहे. मावशीची एक बाजू गेली, बोलणंही जवळजवळ गेलं. तिची सून व्हिडिओ कॉल लावून देते, माय इकडून बघते, ती तिकडून, आणि दोघी नुसत्या रडतात. एक दिवस मायनं मोबाइल पालथा घातला आणि म्हणाली, "याच्यात तिचं तोंड दिसते, हात थोडीच लागते. मले तिच्यापाशी घेऊन चाल." रेल्वेच्या डब्यात चढणं तिच्या गुडघ्यांना आता जमत नाही आणि फार वेळ बसवतही नाही, म्हणून मी एक जुनी शाळेची व्हॅन घेतली. मागची बाकं काढून पलंग टाकला. पांढरा रंग दिलाय, पण दाराच्या कडेला अजून पिवळा दिसतो. तीन दिवसांचा रस्ता, रोज थोडा थोडा कापायचा असं ठरलं. राहिलं होतं ते औषध.

मागच्या वर्षी नागपूरला एका लग्नाला जाताना ते औषध आम्ही थर्मासात बर्फावर ठेवून नेलं होतं. बर्फाला चिकटून ते गोठलं, पुन्हा पातळ झालं, दिसायला होतं तसंच दिसलं आणि मायनं टोचून घेतलं. त्याचा उपयोग शून्य. साखर अशी चढली की वऱ्हाड जेवत होतं आणि आम्ही दवाखान्यात. डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं, गोठवायचं नाही आणि तापवायचंही नाही. आता तुम्हीच सांगा, वैशाखात उभी गाडी आतून किती तापते हे तुमच्याहून जास्त कोणाला ठाऊक आहे? लोक म्हणतात, वाटेत मिळेल की औषध. मिळेलही. पण आडगावच्या दुकानात दिवसभर लाइट नसताना ते कसं ठेवलेलं होतं, हे मला कोण सांगणार आहे?

तर मी शोधायला लागले. एक छोटा फ्रीज गॅसवर चालणारा होता. विकणारा म्हणाला, उभ्या गाडीत याच्यासारखा दुसरा नाही. पण चालत्या गाडीत आत ज्योत जळत ठेवायची, हे मला ऐकवेचना. तुम्ही चालत्या जीपमध्ये उदबत्तीसुद्धा लावू दिली नाहीत. बाया कुरकुर करायच्या, आणि तुम्ही डॅशबोर्डावरच्या मारोतीला मोठ्यानं सांगायचात, "देवा, उतरल्यावर लावतो, तोवर सांभाळून घे." गॅस गेला. मग घरचाच फ्रीज इन्व्हर्टरवर? तो आधी बॅटरीची वीज घरच्या विजेत बदलणार, त्यात बरीच वाया घालवणार आणि पहिल्याच खड्ड्यात मान टाकणार. मग उरला बॅटरीवरच सरळ चालणारा, पेटीएवढा फ्रीज. त्याला वीज गाडीच्याच बॅटरीतून द्यावी, तर चालताना ठीक, पण जेवायला कुठे थांबलो आणि तो चालत राहिला तर गाडी सुरू व्हायची नाही. छतावर सोलर पत्रा टाकावा, तर एकट्या पत्र्याच्या भरवशावर राहायला मन धजेना. उरली दुसरी बॅटरी. ती इंजिन चालू असताना भरायची, फ्रीज तिच्यावर चालवायचा आणि पहिलीला हात लावायचा नाही. हेच बरोबर होतं. पहिल्या आठवड्यातच मला ते कळलं होतं. तरी मी रोज नवीन काहीतरी वाचत होते आणि रोज नवीन शंका काढत होते.

सौंसरला बसस्टँडमागे गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा एकजण आहे. त्यानं माझ्यापुढे अगदी हात टेकले. "मॅडम, सिद्धा बॅटरीवर देऊन टाकतो, झंझटच नाई. थांबलं का पिन काढून घ्यायची."

"आणि पिन काढायला विसरले तर?"

"तं धक्का मारायचा."

"आणि काढली, पण परत लावायला विसरले तर?"

त्यानं पाना खाली ठेवला. "मॅडम, तुमाले फ्रीज पायजे का भांडण पायजे?"

मायनं मात्र मला बरोबर पकडलं. भाजी निवडत होती. मी तिला जाड तारेत आणि बारीक तारेत काय फरक पडतो ते समजावून सांगत होते. ती ऐकत राहिली, मग मेथीची जुडी बाजूला सारून म्हणाली, "एक सांग. फ्रीजचं नाई ठरून राहिलं, का तुले जायाचंच नाई?" मी चिडले. म्हटलं, तुझ्याचसाठी चाललंय ना हे सगळं. ती म्हणाली, "माह्यासाठी करून राहिली तं कर ना मंग. माही बहीण माह्यासाठी थांबून थोडीच राहीन." आणि पुन्हा मेथी निवडायला लागली. बाबा, तिनं नेमकं बोट ठेवलं होतं. मला भीती वाटत होती. माय रस्त्यात गेली तर? तुमच्यासारखी, कुठल्या तरी बाभळीखाली, घरापासून लांब? फ्रीजचं ठरलं की निघावं लागणार होतं, म्हणून मी ते ठरू देत नव्हते. दुसऱ्या दिवशी मी शाळा सुटल्यावर त्याच कारागिराकडे गेले आणि सांगितलं, दुसरी बॅटरी टाका, मधे चार्जर बसवा, छतावर एक पत्राही द्या. आणि सीटखाली एक मोठा खटका.

खटका कशाला, असं त्यानं विचारलं. त्याला काय सांगू? तुमच्या जीपच्या वायरिंगला कुठेतरी विजेची गळती होती, उभ्या गाडीतही बॅटरी उतरायची, आणि ती गळती तुम्हाला जन्मभर सापडली नाही, म्हणून तुम्ही सीटखाली बॅटरी तोडायचा खटका बसवलात आणि घराला शिस्त लावलीत. गाडी थांबली, सगळे उतरले, की शेवटी उतरेल त्यानं खटका पाडायचा. घरात देवाला दिवा लावल्याशिवाय जेवायचं नाही, याइतकाच तो पक्का नियम होता. तुम्ही दमून आलात की माय हात पुसत बाहेर जायची, जीपमध्ये वाकायची, खाट असा आवाज यायचा आणि मग ती तुमचं ताट वाढायची. मी एकदा विचारलं होतं, एक दिवस राहिला तर काय बिघडतं? तुम्ही घास हातात धरून माझ्याकडे असं बघितलंत की मला वाटलं आता बसणार एक. पण तुम्ही एवढंच म्हणालात, "राहिला तं सकाळी सवाऱ्या उभ्या राहतात, अन् आपण गाडी लोटत राहतो. इज्जत जाते." आणि मग बहुतेक तुम्हालाच वाईट वाटलं असावं, कारण त्या आठवड्यात तुम्ही बाजारातून माझ्यासाठी टेस्टर आणलात, लाल दांडीचा. पोरीला कोणी टेस्टर देतं का, म्हणून माय हसली होती. तो अजून माझ्याकडे आहे, दिवा लागत नाही त्याचा. मी कारागिराला सांगितलं, सगळी गाडी एका खटक्याखाली पाहिजे, दोन्ही बॅटऱ्यांची अर्थिंग त्याच्यातूनच न्या, तो पाडला की सगळं बंद. मोठ्या तोऱ्यात सांगितलं. मॅडमचं ऐकायचं म्हणून त्यानं केलं.

नवी गाडी आपल्याकडे आधी जामसांवलीच्या निजलेल्या मारोतीलाच जाते, ही व्हॅनही गेली. नारळ, हार, लिंबू, सगळं साग्रसंगीत. फ्रीजची परीक्षा म्हणून मी त्यात ताक ठेवलं, पाण्याच्या बाटल्या ठेवल्या आणि मायचं औषध. रस्ताभर माझं लक्ष रस्त्यावर कमी आणि फ्रीजच्या आकड्यावर जास्त. माय म्हणाली, "पुढे पाह्य, नाई तं मारोतीच्या आंधी आपल्यालेच निजवशीन." फ्रीज मस्त चालला. देवळाशी सावलीत जागा मिळाली नाही, गाडी उन्हातच लावली, म्हटलं काय हरकत आहे, दुसरी बॅटरी भरलेली आहे. मी पूजेचं ताट घेऊन पुढे झाले, माय मागून उतरली. गर्दी होती. निजलेल्या मारोतीपुढे ती बराच वेळ हात जोडून उभी होती, मग पिंपळाच्या सावलीत बसली, मग ओळखीच्या कोणी भेटल्या आणि गप्पा निघाल्या. मला घाई नव्हती. कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा मी स्वस्थ बसले होते.

परत आलो तेव्हा गाडीत हात ठेववत नव्हता आणि फ्रीज बंद होता. झाकण उघडलं तर ताकाचा आंबूस वास आला. मी फ्यूज बघितला, तारा ओढून बघितल्या, कारागिराला मनातल्या मनात नाही नाही ते बोलले. मग सीटखाली हात गेला. खटका पडलेला होता.

"माय, खटका तू पाडला?"

"हो मंग! शेवटी मीच उतरली ना," ती म्हणाली. कौतुक होईल असं वाटलं असावं तिला. मग माझं तोंड बघून म्हणाली, "काऊन? नाई पाडायचा व्हता?"

मी तिच्यावर ओरडले, बाबा. देवळाच्या आवारात, लोकांसमोर. हेच जर सिंगरौलीच्या वाटेवर, पार कटनीच्या पुढे झालं असतं तर काय केलं असतंस, असं म्हणाले. औषध मी तिथेच फेकलं. संध्याकाळचं घरी होतं, त्यामुळे त्या दिवशी काही झालं नाही. परतताना आपलं पांढुर्णा जवळ आलं तेव्हा ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "त्यायनंही पाडला व्हता. तिगावच्या रस्त्यानं."

ते मला तिनं सांगायला नको होतं, कारण खरा राग माझा तिच्यावर नव्हताच. तिगाव स्टेशनवर सवाऱ्या सोडून तुम्ही एकटे परत येत होतात. छातीत कळ आली असेल, तुम्ही जीप नीट कडेला घेतलीत, बाभळीखाली. पहिल्यांदा जो माणूस पोचला त्यानं लोक बोलवायला हॉर्न दाबला, तो वाजला नाही. त्याला वाटलं गाडी बंद पडली. घरी येऊन त्यानं तसंच सांगितलं, आणि तेवढ्या रडण्यातही माय म्हणाली, "बंद नाई पडली. त्यायनं खटका पाडला आसन." आणि तसंच निघालं. मायला त्याचा केवढा आधार झाला. माणूस आपलं काम उरकून गेला, घाबरून नाही गेला, असं ती येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. मी ते ऐकत बाजूला उभी असायची आणि मला तुमचा असा राग यायचा, बाबा, की विचारू नका. रस्ता वाहता होता. हात बाहेर काढला असता तर कोणीही थांबलं असतं. तेवढ्या दमात तुम्ही सीटखाली वाकलात. आम्ही होतो घरी, आणि तुम्ही बॅटरी वाचवलीत. तुमच्या फोटोला हार घालतानाही हेच माझ्या मनात असायचं, आणि मी हे कधी कोणाला बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः गाडीखाली शिरले. दुसरी बॅटरी खटक्यातून सोडवली, फ्रीजची तार थेट तिच्यावर नेली, मधे त्याचा वेगळा फ्यूज टाकला. मग मनात आलं, मायचा हात चालत्या गाडीतही त्या खटक्याकडे जाईल, आणि इंजिन चालू असताना तो पडला तर बॅटरी भरणारा अल्टरनेटरच जळेल. म्हणून पहिल्या बॅटरीची तारही मी खटक्यातून सोडवून सरळ जोडली. या गाडीला गळती नाही, तिला खटक्याची गरजच नाही. काढूनच टाकणार होते, पण माय ओट्यावर बसून बघत होती. "तो ठेवजो," ती म्हणाली. मी ठेवला. दोन बोल्टांवर सीटखाली बसलेला, कशालाच न जोडलेला.

आणि मग आम्ही निघालो. छिंदवाडा, सिवनी, जबलपूर, कटनी, पुढे घाटाचा रस्ता. आकडा जरा चढला की माझा पाय ब्रेकवर. माय पलंगावर पडून राहायची, कंटाळली की पुढे येऊन बसायची आणि ट्रकांच्या मागे लिहिलेलं मोठ्यानं वाचायची. जिथे जिथे थांबलो, धाब्यावर, पंपावर, एका शाळेच्या आवारात, तिथे ती मला आधी उतरवायची. मग वाकायची, खाट आवाज व्हायचा, मग फ्रीजवर तळहात ठेवून त्याची घरघर बघायची आणि म्हणायची, "चालू हाय." तिला वाटतं मी फ्रीज तेवढा वेगळा केला आणि बाकीची गाडी तिच्या हातात ठेवली. मी तिला तसं वाटू दिलं. औषध थंड राहिलं. तिला सकाळचं सकाळी, संध्याकाळचं संध्याकाळी मिळालं. काही म्हणजे काही झालं नाही, आणि ते काही न होणं मला प्रत्येक मैलाला खोटं वाटत होतं.

आज ऊन कललं तेव्हा मावशीच्या क्वार्टरपुढे गाडी लागली. सून दारातूनच ओरडली, "लवकर या, उठून बसल्यात त्या, दाराकडेच बघून राहिल्या!" मायनं माझी वाट पाहिली नाही. काठी गाडीत टाकून ती तशीच उतरली आणि निघाली. इतक्या रस्त्यात पहिल्यांदा ती खटका विसरली. ओट्याच्या पायरीपाशी तिचा पाय अडखळला आणि ती ओरडली, "अवं, हात दे ना! कुठं राहिली?"

मी कुठे राहिले होते, बाबा? मी सीटखाली वाकले होते. त्या खटक्याला काहीही जोडलेलं नाही हे जगात एकट्या मला माहीत आहे, आणि माझी म्हातारी आई पायरीवर हात पुढे करून उभी असताना मी तो पाडत होते. मी काही ठरवलं नव्हतं. बॅटरीचा विचारही डोक्यात नव्हता. शेवटी उतरले, हात गेला. खाट झालं तेव्हा मला कळलं, मी काय करतेय ते. मग धावले. मायला धरलं, वर चढवलं.

आता त्या दोघी आत एका खाटेवर आहेत. मावशीचा चांगला हात मायच्या हातात आहे आणि माय तिला लग्नातल्या जोड्यांची गोष्ट सांगतेय, मावशीला बोलता येत नाही तरी हसल्याचा आवाज इथवर येतोय. मी गाडीत बसून हे लिहितेय. फ्रीज चालू आहे. तुमच्यावरचा तो राग मी मघापासून मनात शोधतेय, होता तिथे तो नाही. कागद घडी करून तुमचा टेस्टर ज्या पिशवीत असतो त्याच पिशवीत ठेवून देईन, दुसरं कुठे टाकू? मायला खटक्याचं अजून सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. परतीच्या वाटेवर तीच पाडेल, आणि ती विसरली तर मी.